पेशी, अंगकं आणि समस्थिती: मुलांच्या डोक्यात एकत्र कशी आणायची?

खडू_डस्टर

मंडळी, सातारा जिल्ह्यात आठवी-नववीला विज्ञान शिकवतो, सेमी-इंग्रजी. पेशीचा धडा मुलांना आवडतो, पाठही होतो, पण आत काही उतरतं का याची शंका येऊ लागली आहे.

घटक चाचणीत एक प्रश्न जरा फिरवून टाकला होता: "कांद्याच्या पापुद्र्याची जी स्लाइड आपण पाहिली, त्यातल्या पेशीची आकृती काढा." निम्म्याहून जास्त वर्गाने हिरव्या स्केचपेनने हरितलवकं रंगवली. स्लाइड सगळ्यांनी पाहिलेली. कांदा पांढरा. आयोडीन घातल्यावर पेशी पिवळट दिसल्या होत्या, हिरव्याचा मागमूस नव्हता. तरी पुस्तकातली 'वनस्पती पेशी' डोळ्यांनी पाहिलेल्या पेशीवर मात करून गेली.

दुसरी गोष्ट नववीची. "समस्थिती म्हणजे काय?" याचं उत्तर (शरीर आतली परिस्थिती ठरावीक पातळीत राखतं) सगळ्यांना शब्दन् शब्द येतं. "मे महिन्यात दुपारी लघवी गडद पिवळी का होते?" याला शांतता. एकाने "उष्णता होते म्हणून" लिहिलं, ते घरून आलेलं.

केंद्रक म्हणजे महापालिका, तंतुकणिका म्हणजे वीजकेंद्र, गॉल्गी पिंड म्हणजे पोस्ट ऑफिस, हे अंगकांचं (पेशीतल्या छोट्या कामकरी भागांचं) शहर मीही शिकवतो. आता त्याचा कंटाळा आला आहे. तुम्ही कसं शिकवता / शिकलात / मुलांकडून करून घेता? वर्गात साठच्या आसपास मुलं, दोन सूक्ष्मदर्शक, त्यातला एक बरा, हे धरून सांगा.

रुईफूल

शहराच्या उपमेला एवढं नाक मुरडू नका हो सर. सहावी-सातवीच्या मुलाला 'आंतर्द्रव्यजालिका' हा शब्द धरून ठेवायला काहीतरी खुंटी लागते. माझ्या वर्गातल्या मुलींनी पेशीचं नाटुकलं केलं होतं. लयकारिका (पेशीतला कचरा साफ करणारं अंगक) झालेली मुलगी झाडू घेऊन फिरत होती. दोन वर्षांनी भेटल्या तरी लयकारिकेचं काम त्यांना आठवत होतं.

तिरकस_तुकडा

नाटुकलं तरी मुली करतात. विज्ञान प्रदर्शनातली पेशी बाबा करतात. थर्माकोलवर बंदी आली तर पुठ्ठ्याची करतात, पण बाबाच करतात. गेल्या वेळी आमच्या सोसायटीतल्या एका प्राणीपेशीला लुकलुकणारे एलईडी होते आणि पहिला नंबर आला. कोणत्या प्राण्याची, कुठल्या अवयवाची पेशी, हे परीक्षकांनी विचारलं नाही.

पापुद्रा

तिरकसराव, चेष्टेत बोललात तो प्रश्न खरा आहे. कोणाची पेशी? कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो, आणि अकरावीला येणारी मुलंसुद्धा पुस्तकातली ती 'नमुना पेशी' खरी समजून यायची. तशी पेशी निसर्गात कुठेच नाही. सगळी अंगकं एका चित्रात बसवण्यासाठी चित्रकाराने काढलेली ती सोय आहे.

खडूसर, कांद्याचा जो भाग आपण सोलतो ती जमिनीखाली वाढलेली, अन्न साठवणारी पानं. उजेड नाही तर हरितलवकाचं काय काम? हे मुलांना सांगू नका, विचारा. "कांद्याची पात आणि कांदा एकाच रोपाचे, मग पात हिरवी का?" इथून सुरुवात केलीत तर 'वनस्पतीपेशीत हरितलवक असतं' हे वाक्य 'ज्या पेशीवर प्रकाशसंश्लेषणाचं काम आहे तिच्यात असतं' असं मुलंच दुरुस्त करतात. मुळाच्या पेशीत नाही, कांद्यात नाही, पानाच्या वरच्या सालीतल्या बहुतेक पेशींतही नाही.

आता प्रयोग. एका बऱ्या सूक्ष्मदर्शकावर तीन गोष्टी दाखवा, याच क्रमाने.

पहिला कांदा, पण मोजमापासकट. १० च्या भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवून दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजा. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकात तो दीड-दोन मिलिमीटर भरतो. मग त्या वर्तुळात आडव्या किती पेशी बसतात ते मोजून भागाकार. कांद्याची पेशी पाव मिलिमीटरच्या घरात येते. रक्तातली तांबडी पेशी ७-८ मायक्रॉन (एक मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे कांद्याच्या एका पेशीच्या लांबीत तिच्या तीसेक ओळीने बसतील. हे गणित मुलांनी स्वतः केलं की 'पेशी सूक्ष्म असतात' या वाक्यातली एकजिनसी कल्पना मोडते. जोडीला सांगा की तुमच्या कमरेतून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू मीटरभर लांब असू शकतो.

दुसरं रिओचं पान. खालून जांभळं असतं ते, बागांच्या कडेला लावतात. खालच्या बाजूची साल सोला. पेशीच्या रिक्तिकेत (द्रव साठवणाऱ्या पिशवीत) जांभळा रंग असतो, त्यामुळे वेगळा रंग घालावा लागत नाही. काचपट्टीच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब (साधारण ५ टक्के), दुसऱ्या कडेला टिपकागदाचा तुकडा. पाणी ओढलं जातं आणि मिठाचं पाणी पेशींवरून सरकतं. काही मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत गोळा होतो. आता याच रीतीने साधं पाणी सोडा. फार उशीर केला नसेल तर पेशी पुन्हा भरते. भिंत जागेवरच राहिली, पटल सरकलं. पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आकृतीतल्या दोन समांतर रेषांतून कधीच पटत नाही. इथे डोळ्यांसमोर पटतं.

तिसरं गालाच्या आतल्या पेशी, मिथिलीन ब्लूमध्ये. ज्याची त्याचीच टूथपिक, आणि वापरून झाली की लगेच जंतुनाशकात. भिंत नाही म्हणून आकार कसाही वेडावाकडा, हे मुलांना लगेच दिसतं.

सईची_आई

सर, हे सगळं वाचायला छान वाटतंय. पण सईच्या पेपरात "वनस्पतीपेशीची सुबक व नामनिर्देशित आकृती काढा" असंच येतं. तिने हरितलवक काढलं नाही तर गुण जातात. मग घरी मी तिला काय सांगू?

पापुद्रा

पुस्तकातली आकृती काढायला सांगा. आणि तिला विचारा, ही पेशी झाडाच्या कुठल्या भागातली असेल? "पानाच्या आतल्या भागातली" असं ती म्हणाली की गुणही मिळाले आणि विज्ञानही झालं.

खडू_डस्टर

रिओ शाळेच्या कुंडीतच आहे, उद्याच बघतो. पण सर, तंतुकणिका आणि गॉल्गी पिंड कसे दाखवायचे? मुलं दरवर्षी विचारतात, "सर, यात मायटोकॉन्ड्रिया कुठंय?"

पापुद्रा

दिसत नाहीत, हे स्पष्ट सांगा आणि का ते सांगा. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. तंतुकणिकेची जाडी अर्धा ते एक मायक्रॉन, म्हणजे विशेष रंग आणि चांगलं भिंग असेल तर ठिपके दिसतील इतकंच. रायबोसोम २०-३० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग), त्याचं नाव काढायला नको. तो आणि आंतर्द्रव्यजालिका नीट दिसली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, विसाव्या शतकाच्या मध्यात. रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात कप्पे पाहिले १६६५ साली, रॉबर्ट ब्राऊनने केंद्रकाला नाव दिलं १८३० च्या दशकात. मधली दीडशेहून जास्त वर्षं लोक मूर्ख नव्हते, भिंगं तेवढी नव्हती. आकृतीतलं प्रत्येक अंगक कुठल्या साधनाने दिसलं, असा एक रकाना मुलांकडून लिहून घ्या. रकाने आवडतात त्यांना.

साधा_डॉक्टर

धागा उशिरा पाहिला. मी शिक्षक नाही, पण एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हाच धडा पुन्हा शिकलो तेव्हा पहिल्यांदा कळला. तेव्हा अंगकांची यादी शिकवली नव्हती, एका प्रथिनाचा प्रवास शिकवला होता. तो इथे मांडतो. मला वाटतं खडूसरांच्या दोन्ही तक्रारी, हरितलवकाची आणि लघवीची, एकाच रोगाची लक्षणं आहेत: अंगकं एका धड्यात, समस्थिती दुसऱ्या धड्यात, आणि मध्ये पूल नाही.

इन्शुलिन घ्या. घराघरात माहीत असलेला शब्द. ते बनतं स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत. त्याची कृती केंद्रकातल्या डीएनएवर लिहिलेली आहे. ती कृती शरीराच्या जवळपास प्रत्येक केंद्रकात आहे, पण वाचली जाते बीटा पेशीत. (पेशींचे प्रकार का असतात, याचं उत्तर इथेच मिळतं.) कृतीची नक्कल आरएनएच्या रूपात केंद्रकाबाहेर येते. रायबोसोम ती वाचून प्रथिनाची साखळी गुंफतात, आणि ही साखळी गुंफता गुंफताच खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेच्या आत ढकलली जाते. तिथे तिला घड्या पडतात. मग छोट्या पिशवीतून गॉल्गीकडे. तिथून निघालेल्या पिशव्यांमध्ये साखळीचा मधला तुकडा कापला जातो, आणि उरतं ते ५१ अमिनो आम्लांचं इन्शुलिन, २१ आणि ३० च्या दोन साखळ्या एकमेकींना जोडलेल्या. कापलेला तुकडाही फुकट जात नाही, आम्ही रक्तात तोच मोजतो. 'सी-पेप्टाइड' नावाची तपासणी कुणाच्या रिपोर्टवर पाहिली असेल तर ती हीच. रुग्ण इन्शुलिनचं इंजेक्शन घेत असला तरी त्याचं स्वतःचं किती बनतंय हे त्यावरून कळतं.

पिशव्या भरून तयार राहतात. त्या फुटायच्या केव्हा? जेवल्यावर रक्तातली साखर वाढली की बीटा पेशीत जास्त ग्लुकोज शिरतं. तंतुकणिका ते वापरून जास्त एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवतात. एटीपी वाढला की प्रद्रव्यपटलातली पोटॅशियमची दारं बंद होतात, पटलावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि पिशव्या पटलाला भिडून इन्शुलिन बाहेर सोडतात. म्हणजे तंतुकणिका इथे 'ऊर्जा बनवते' एवढंच करत नाही, रक्तातली साखर किती आहे याचं मापही तीच घेते. मुलांच्या आजी-आजोबांपैकी कुणीतरी ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेत असतंच. ती गोळी नेमकी हीच पोटॅशियमची दारं बंद करते.

बाहेर पडलेलं इन्शुलिन स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींवर जाऊन बसतं. तिथे ग्लुकोज आत घेणारी प्रथिनं पेशीच्या आत पिशव्यांत ठेवलेली असतात, ती पटलावर येतात आणि साखर आत घेतली जाते. यकृतही साखर साठवायला लागतं. रक्तातली साखर उतरते. उतरली की बीटा पेशीतला एटीपी उतरतो, पोटॅशियमची दारं पुन्हा उघडतात, इन्शुलिन थांबतं. साखर फारच खाली गेली तर शेजारच्याच अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात आणि यकृत साखर परत देतं.

केंद्रक, रायबोसोम, जालिका, गॉल्गी, पिशव्या, तंतुकणिका, पटल सगळं आलं आणि समस्थितीही आली. वेगळा धडा लागला नाही.

तिरकस_तुकडा

डॉक्टर, पहिल्यांदा कुणीतरी मला गॉल्गी पिंडाचं काम पार्सलच्या गोष्टीशिवाय सांगितलं. पण हे कुणी पाहिलं कसं? प्रथिन अमुक वेळी जालिकेत आणि तमुक वेळी गॉल्गीत, हे कसं कळलं?

साधा_डॉक्टर

जॉर्ज पलाडे आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे काप घेतले. तिथल्या पाचकरस बनवणाऱ्या पेशी निवडल्या, कारण त्या प्रथिनांनी गच्च भरलेल्या असतात. किरणोत्सारी अमिनो आम्ल फक्त काही मिनिटं दिलं आणि मग साधं. त्यानंतर वेगवेगळ्या वेळी पेशी होत्या तशा स्थिर करून किरणोत्सर्ग कुठे आहे ते पाहिलं. आधी जालिकेत, काही वेळाने गॉल्गीकडे, तासा-दीड तासाने बाहेर जायला तयार कणांत. १९७४ चं नोबेल क्लोद, द दूव्ह आणि पलाडे यांना मिळालं. लयकारिका शोधणारे ते द दूव्हच.

खडू_डस्टर

डॉक्टर, पोटॅशियमची दारं आठवीला झेपतील?

साधा_डॉक्टर

आठवीला गाळा. "साखर वाढली, तंतुकणिकांनी जास्त ऊर्जा बनवली, पेशीला कळलं, पिशव्या बाहेर" एवढं पुरे. दहावीला दारं घ्या.

तापीकाठ

मी नंदुरबारकडच्या आश्रमशाळेत. आमच्याकडे पेशीचा धडा तांबड्या पेशीपासून सुरू करायला वेगळं कारण लागत नाही. मुलांना 'सिकलसेल' (रक्ताचा आनुवंशिक आजार) शब्द माहीत असतो, एएस (वाहक) आणि एसएस (रुग्ण) पॅटर्न माहीत असतात, काहींच्या घरात त्याच्या तपासणीची कार्ड असतात.

तांबडी पेशी हा अंगकं शिकवायला उलट्या बाजूने फार चांगला नमुना आहे. तिच्यात केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत. मुलांना विचारतो, "मग ती जिवंत कशी?" पक्व होताना ती हे सगळं टाकून देते आणि हिमोग्लोबिनने भरून जाते. तंतुकणिका असत्या तर नेत असलेला ऑक्सिजन तिनेच वापरला असता. केंद्रक नाही म्हणून दुरुस्ती नाही, म्हणून साधारण १२० दिवसांत ती संपते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागचं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. ऑक्सिजन सोडला की अशी हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब दांडे होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. एसएस रुग्णात ती दोनेक आठवड्यांतच नष्ट होते, म्हणून रक्तक्षय.

आता समस्थिती. पेशीतलं पाणी कमी झालं की हिमोग्लोबिन दाट होतं आणि दांडे लवकर तयार होतात. म्हणून एसएस मुलाला उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, जुलाब झाले, ताप आला की दुखणं उसळतं. 'भरपूर पाणी प्या' हा आरोग्यसेविकेचा सल्ला आणि रिओच्या पानाचा प्रयोग हे एकच विज्ञान आहे. आमच्या मुलांना हे पटकन कळतं, मुंबईच्या मुलांपेक्षा पटकन असं मी छातीठोक म्हणेन.

एक विनंती मात्र सगळ्यांना. वर्गात कुणाचं कार्ड कुठलं, हे कधीही विचारू नका, हात वर करायला सांगू नका. वाहक आणि रुग्ण यातला फरक मात्र फळ्यावर नीट लिहा. वाहक मुलाला आजारी ठरवून मैदानाबाहेर बसवलेलं मी पाहिलं आहे.

रुईफूल

तापीकाठ, हे वाचून माझं झाडूवालं नाटुकलं फार पोरकट वाटायला लागलं :)

तापीकाठ

अहो नाही ताई. लयकारिका लक्षात राहिली ना मुलींच्या? राहू द्या झाडू.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत माझ्या मुलाला मिडल स्कूलमध्ये हुबेहूब तोच प्रकल्प दिला होता, पेशी म्हणजे अमुक. त्याने पेशी म्हणजे शॉपिंग मॉल केली. त्यामुळे हा रोग आपल्याच बोर्डाचा नाही, निश्चिंत राहा. एक प्रयोग मात्र चांगला होता, घरी करता येतो: कच्चं अंडं व्हिनेगरमध्ये दोन दिवस, कवच विरघळतं, आतली पातळ कातडी राहते. मग वजन करून साखरेच्या दाट पाकात ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन, मग साध्या पाण्यात. पाकात अंडं सुरकुततं, पाण्यात टम्म फुगतं. दोन दिवस व्हिनेगरचा वास सहन करावा लागतो.

पापुद्रा

चांगला आहे. फक्त मुलांना सांगा की ती अंड्याची कातडी म्हणजे पेशीचं पटल नव्हे. पाण्याला वाट देणारा आणि मोठ्या रेणूंना अडवणारा पडदा एवढाच अर्थ घ्या. खऱ्या पटलात पाणी जायला वेगळी प्रथिनं असतात. पीटर ॲग्रे यांना त्यासाठी २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सईची_आई

परासरणावरून (पडद्यातून पाणी आत-बाहेर जाण्यावरून) आठवलं. सईने परवा विचारलं, "जुलाब झाल्यावर मीठ घालून पाणी देतात ते समजलं, साखर कशाला? चवीला?" मी "शक्ती येते" म्हणून वेळ मारून नेली.

साधा_डॉक्टर

सईला शाबासकी द्या. हा प्रश्न १९६० च्या आसपासपर्यंत डॉक्टरांनाही नीट सुटला नव्हता.

आतड्याच्या पेशींच्या पटलावर एक प्रथिन आहे, जे सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेतं. नुसतं मीठ दिलं तर जुलाबात ते फारसं शोषलं जात नाही. साखर सोबत असली की सोडियम आत जातं आणि त्यामागे पाणी. कॉलऱ्याचं विष पेशीकडून क्षार आणि पाणी बाहेर टाकवतं, पण या प्रथिनाला हात लावत नाही. म्हणजे मागचं दार उघडं असतं.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात घालून पाजायला सुरुवात केली, तेही बहुतेक नातेवाइकांच्या हातून. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासून ३.६ टक्क्यांवर आलं. आजच्या जलसंजीवनीच्या (ओआरएसच्या) पाकिटात एक लिटरसाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. त्यात सोडियम आणि ग्लुकोजच्या रेणूंची संख्या जवळपास सारखी राखली आहे, ती या जोडगोळीसाठीच. साखर जास्त घातली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून घरी केलं तर लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चमच्याने. गोड करू नका.

तिरकस_तुकडा

थोडा वाद घालतो. समस्थिती म्हणजे सगळं स्थिर, असं पुस्तकात वाटतं. मग ताप का येतो? शरीर बिघडलं म्हणून?

साधा_डॉक्टर

तापात मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने ठरवलेली पातळीच वर नेलेली असते. म्हणून अंग तापलेलं असताना थंडी वाजते, माणूस पांघरूण मागतो: शरीर नव्या पातळीला पोचायला धडपडतंय. ताप उतरताना पातळी खाली येते आणि घाम फुटतो. उष्माघातात मात्र पातळी तीच असते, यंत्रणा हरते. दोन्हीत थर्मामीटर सारखाच आकडा दाखवेल. म्हणून उष्माघाताला तापाची गोळी चालत नाही, थंड पाणीच लागतं.

आणि 'स्थिर' म्हणजे एक आकडा नाही. निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर (१०० मिलिलिटर रक्तात) ७० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान, जेवल्यावर वर जाते, पुन्हा येते. परत येणं महत्त्वाचं. वर्गात दाखवायचं तर नाडी मोजा. बसून, मग मैदानाला चक्कर मारून, मग दर मिनिटाला, मूळ आकड्यावर येईपर्यंत, आणि आलेख काढा. साठ मुलांना यंत्र एकच लागतं, सेकंदकाट्याचं घड्याळ.

खडू_डस्टर

भरपूर मिळालं. असं ठरवतोय: आठवीला कांदा आणि रिओ, सोबत "ही पेशी कुठली?" हा प्रश्न प्रत्येक आकृतीखाली सक्तीचा. अंगकं इन्शुलिनच्या प्रवासातून, पोटॅशियम गाळून. शहराची उपमा पहिल्या तासाला, ताईंच्या मानासाठी, आणि तिथेच सोडायची. नववीला नाडीचा आलेख, जलसंजीवनी आणि लघवीचा प्रश्न. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातला दीडेक लिटरच बाहेर जातो, हे सांगून मग "उन्हाळ्यात शरीर कुठे काटकसर करेल?" असं विचारायचं.

एकच राहिलं. पापुद्रा सर, हरितलवकं दाखवायला काय वापरू? पालकाचा काप मुलांना जमत नाही, जाडच होतो.

पापुद्रा

कापायचं कशाला? हायड्रिला आणा. तळ्यात, कालव्याच्या कडेला असतं, नाहीतर मत्स्यालयाच्या दुकानात. पान जेमतेम दोन थर पेशींचं, अख्खं पान थेंबात ठेवून वर काच ठेवा, झालं. शेंड्याजवळचं कोवळं पान घ्या. तास सुरू होण्याआधी फांदी पाण्यासकट जरा वेळ उजेडात, कोमट जागी ठेवा. ४० च्या भिंगाखाली मधल्या शिरेजवळच्या पेशीवर नजर ठेवायला सांगा. हरितलवकं पेशीच्या कडेने रांगेत फिरताना दिसतील. आधी काही सांगू नका. कोणीतरी ओरडेलच.